खात्रीचं मूळ

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप दादांस,

सहदेवचा साष्टांग नमस्कार. सौ. वहिनींनाही नमस्कार सांगावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहितो, कारण पत्राच्या पहिल्या ओळीत थोडं खोटं चालतं. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या मोतीबिंदूचं पुढे काय ठरलं? म्हैस व्याली का, आणि व्याली असल्यास रेडी की रेडा? मांगराची कौलं बदलून घेतलीत की यंदाही 'बघू'वरच आहे? (ही सगळी उत्तरं सवडीनं दिली तरी चालतील. घाईचं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं हवंय, त्याच्याकडे मी हळूहळू येतो.)

पत्र बघून घाबरू नका. घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही आणि मी जमिनीची वाटणीही मागत नाहीये. आमच्या खालच्या मजल्यावरचा रतन आज संध्याकाळी स्वतःच्या गाडीनं गावी निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतोय. परवा तो परत निघेल तेव्हा उत्तर त्याच्याच हाती द्यावं. फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. केला की! या आठवड्यात तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही रेंजसाठी मांगराच्या शिडीवर चढला होतात, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला शिडीवर उभं करून असलं काही विचारणं मला बरं वाटेना. दुसऱ्यांदा तुम्ही फोन स्पीकरवर टाकलात. (तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं हे मान्य, पण वाडीत बाकी कोणालाच कमी ऐकू येत नाही.) मागे कोणीतरी खाकरलं, आणि मी काजूचं कसं काय एवढं विचारून फोन ठेवला. तिसऱ्यांदा मात्र मनाचा हिय्या करून विचारलं, की दादा, आमच्या या खोलीच्या वास्तुशांतीला तुम्ही जी हत्थाजोडी आणली होतीत, ते दोन हात जोडल्यासारखं दिसणारं काळपट मूळ, चांदीच्या डबीत शेंदरात घालून, ते नेमकं कुठल्या जागी मिळालं होतं? तर तुम्ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतलीत. अमावास्या, निर्जळी उपास, आंबोलीचं रान, मागे वळून बघायचं नाही, आणि "मिया माझ्या हातान खणून काढलंय!" दादा, गोष्ट मला पाठ आहे. पहिल्या वर्षी तिच्यात बेडूक होता. मग फुरसं आलं. ऋतिका शाळेत जायला लागली तोवर फुरशाचा नाग झाला होता, आणि परवा फोनवर तुम्ही बिबट्या घातलात. (बिबट्या मला नवा होता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.) बिबट्या गेल्यावर तुम्ही जेवायला गेलात आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

आता आमच्या ऋतिकाबद्दल. ती अंधेरीला संशोधन करते हे तुम्हाला माहीत आहे. कसलं, तर तुम्ही गावात 'वाघाचं' म्हणून सांगता, आणि ते अगदीच चूक नाही. जंगलातली जनावरं मारून त्यांचे अवयव चोरून विकणारे लोक असतात ना, त्यांचा माल ओळखण्याचं तिचं काम. तुम्ही म्हणाल, त्यात ओळखायचं काय? तर हा माल जनावरासारखा दिसतच नाही. त्याची पूड होते, लॉकेट होतं, ब्रश होतो, तेल होतं. पकडणारा धरून आणतो आणि विकणारा कोर्टात सांगतो की साहेब, हे तर म्हशीचं शिंग आहे, हे तर झाडाचं मूळ आहे. मग आमची पोरगी त्याचा कणभर तुकडा खरवडते, कसल्याकसल्या पाण्यात घालते, आणि त्यातलं डीएनए काढून सांगते की हे शिंग नाही नि मूळ नाही, हे अमुक जनावर आहे. पण या तपासणीला वेळ लागतो, आणि तोवर दुकानदार दुकान गुंडाळून पसार. म्हणून तिनं, आधी घोरपडीच्या मालापुरती, एक पट्टी बनवायला घेतलीय. साखर तपासायची पट्टी असते तशीच दिसते. दुकानातच खरवडायचं, थेंब टाकायचा, चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं. लाल रेघ आली तर घोरपड. नाही आली तर रामराम करून चालू लागायचं. या पट्टीपायी ती दोन वर्षं कुठल्या लग्नाला गेलेली नाही. आणि जिथे गेली तिथे गेली नसती तर बरं झालं असतं, असं सुगंधाचं म्हणणं आहे.

कारण या पोरीची नजर बिघडलीय. शेजारच्या नीलाबाई मुलांना चित्रकला शिकवतात, त्यांच्या घरात शिरून तिनं सगळे ब्रश एकेक करून नाकाशी धरले, मुंगसाचे केस आहेत का बघायला. (दोन होते. नीलाबाई तेव्हापासून जिन्यात भेटल्या की घड्याळात बघतात.) तुलनेसाठी शिंग हवं म्हणून देवनारच्या कत्तलखान्यातून पिशवी भरून शिंगं आणली आणि ती पिशवी सुगंधानं भाजीची समजून उघडली. आणि मुलुंडचं स्थळ तर तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला आम्ही 'पत्रिका जुळली नाही' असं कळवलं होतं. पत्रिका झकास जुळली होती. पोहे झाले, मुलगा बरा होता, सुगंधानं मनातल्या मनात मांडवही घातला होता. पण ऋतिका मुलाकडे बघेचना, ती मुलाच्या वडिलांच्या छातीकडे बघत होती. त्यांच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख. चार पिढ्यांचं. पणजोबांनी म्हणे वाघ स्वतः लोळवला होता. आमच्या पोरीनं सरळ विचारलं की काका, थोडं खरवडू का? ते गृहस्थ खूश झाले, म्हणाले खरवड, होऊन जाऊ दे. आठवड्यानं हिनं फोन करून आनंदानं कळवलं की काका, अभिनंदन, तुमच्यावर कसलाही गुन्हा नाही, ते म्हशीचं शिंग आहे. दादा, तो माणूस गुन्ह्याला घाबरला नव्हता. म्हशीनं मेला. स्थळ गेलं ते गेलंच, वर त्यांच्या घरी हल्ली पणजोबांचं नाव कोणी घेत नाही म्हणतात. मी तिला तेव्हा ओरडलो होतो, की मोठ्या माणसांच्या वस्तू अशा खरवडायच्या नसतात. (हे मीच बोललो होतो हे पुढे लक्षात असू द्या. माझ्या तर फारच लक्षात आहे.)

जरा उठून आलो. हल्ली एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. घरात ऋतिकाही येरझाऱ्या घालतेय आणि मीही घालतोय, आणि आमच्या या एवढ्याशा जागेत दोघांनी येरझाऱ्या घालायच्या म्हणजे एकानं मोरीपाशी थांबून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. सुगंधा म्हणते, दोघांनाही एरंडेल द्या. तिला वाटतं पोटाचं आहे. तिला मी मूळ भानगड सांगितलेली नाही, ती का, तेही ऐका.

संशोधनात एक पद्धत असते. यंत्राला चोर ओळखायला शिकवायचं तर त्याला एक सज्जनही दाखवावा लागतो. सज्जन समोर आला की यंत्र गप्प राहिलं पाहिजे, तरच त्याच्या ओरडण्याला किंमत. ऋतिकानं दादर, घाटकोपर, बोरिवली, जिथे जिथे पूजेच्या सामानात हत्थाजोडी विकतात, तिथून वनखात्याच्या माणसांनी धरलेला माल तपासला. सगळे विकणारे शपथेवर सांगत होते की मूळ आहे. एकही मूळ निघालं नाही. काही प्लॅस्टिकच्या, बाकी सगळ्या घोरपडी. म्हणजे चोर ढीगभर, सज्जन एकही नाही. तिच्या गाईड उत्तरामॅडम (पार्ल्याच्या आहेत, फार स्पष्ट बोलतात, आवाज न चढवता माणसाला खाली बसवतात) म्हणाल्या, अगं, असं मूळ नसतंच. ज्या झाडाचं नाव हे लोक सांगतात त्याचं मूळ मी पाहिलंय, ते हात वगैरे जोडत नाही. तर आमच्या ऋतिकानं, जी कधी मॅडमना उलट बोलत नाही, सांगितलं की मॅडम, असतं. माझ्याकडे खात्रीचं आहे. ज्यानं स्वतः खणलं त्या माणसाला मी ओळखते.

तो माणूस म्हणजे तुम्ही.

घरी येऊन तिनं मला सांगितलं आणि माझी छाती अशी फुलली म्हणून सांगू! आपल्या दादांचं मूळ अंधेरीच्या प्रयोगशाळेत, यंत्राला सज्जनपणा शिकवायला! मी लगेच देव्हाऱ्यातली डबी काढली. सुगंधानं खरवडू दिलं नसतं (दर शुक्रवारी ती डबीला हळदकुंकू वाहते, ऋतिकाच्या दहावीपासून नवसाला पावलेली आहे), म्हणून ती बाजारात गेली असताना मूळ ऋतिकाच्या पिशवीत गेलं आणि डबीत मी एक सुपारी ठेवली. सुपारी तशीही गणपतीच असते, तेव्हा माझ्या हिशेबी पाप काही झालं नाही. ऋतिकानं मूळ एका बाटलीत घालून वर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली: 'खात्रीचं मूळ'. आणि पट्टी लावली.

लाल रेघ आली.

पहिल्या दिवशी ती हसली. म्हणाली बाबा, माझं टेबल सगळं घोरपडीच्या भुशानं भरलेलं, हात लागला असेल. दादा, या प्रयोगशाळेत आपल्या आईपेक्षा कडक सोवळं असतं. याचा चमचा त्याला लावायचा नाही, या खोलीतला झगा त्या खोलीत न्यायचा नाही, मधे हात धुवायचे, हातमोजे बदलायचे, तरीही कुठून तरी एक कण उडतो आणि सगळं विटाळतं. तर तिनं टेबल धुतलं, हातमोजे बदलले, सगळं नवं उघडलं, पुन्हा खरवडलं. लाल रेघ. दुसऱ्या मजल्यावर जाऊन केलं, लाल रेघ. पट्टी बाजूला ठेवून मोठ्या यंत्रावर केलं, तर त्यानं घोरपड असं पूर्ण नावागावासकट छापून दिलं. मग तिनं उलट बाजूनं बघितलं, की यात एखादं झाड सापडतंय का. सापडलं! रात्रभर झोपली नाही आनंदानं. सकाळी कळलं की ते झाड म्हणजे हळद. आपणच वाहिलेली.

असे तीन आठवडे गेले. दुसऱ्या कोणाचं मूळ असतं तर पहिल्याच दिवशी तिनं बाटलीवर फुली मारली असती, की विकणारा खोटं बोलला. पण इथे तुम्ही होतात. ती मला रोज विचारते, बाबा, काकांनी स्वतःच खणलंय ना? आणि मी रोज सांगतो, हो गं, स्वतः, अमावास्येला. मग ती म्हणते, "मग पट्टीचीच वाट लागलीय ना बाबा! खरं मूळ ठेवलं तरी घोरपड म्हणते. उद्या एखाद्या गरीब दुकानदाराकडे खरंच मूळ असलं आणि माझ्या पट्टीनं त्याला आत टाकलं, तर?" गुरुवारी वनखात्याचे अधिकारी पट्टी बघायला येणार आहेत, पसंत पडली तर नाक्यानाक्यावर दिली जाणार आहे. आणि ऋतिकानं ठरवलंय, की गुरुवारी उभं राहून सांगायचं: पट्टी चुकीची आहे, खोटा आळ घेते, वापरू नका. दोन वर्षांचं काम पाण्यात, पुढची नेमणूकही गेली. मॅडमना अजून तिनं सांगितलेलं नाही. त्या विचारतात, तर ही म्हणते बघते, बघते, आणि घरी येऊन मोरीपासून गॅलरीपर्यंत चालते.

मी आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत अशी सोसायटी नसेल जिच्या खड्ड्यात मी उतरलो नाही. लिफ्ट अडकली की सोसायटीचा सेक्रेटरी सांगायचा, मिस्त्री, दार नीट लागलंय, तुमचं ते लाल लाइटवालं बिघडलंय, उगाच दार उघडं म्हणतंय. एकदाही ते बिघडलेलं नव्हतं, दादा. दर वेळी कुठे ना कुठे दार किंचित उघडं असायचं. कधी चपलेचा तुकडा, कधी दुधाची पिशवी. माझा त्या दिव्यावर इतका विश्वास, की सेक्रेटरी चिडला तरी मी आधी दार बघायचो. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझी पोर लाल रेघ घेऊन तीन आठवडे उभी आहे, आणि मी दाराकडे बघत नाहीये. कारण त्या दारात तुम्ही उभे आहात. (ही ओळ खोडावी की ठेवावी, यावर एक फेरी मारून आलो. राहू दे.)

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, पण वहिनी वाचतील म्हणून जपून लिहितो. बाजारातली हत्थाजोडी जर मूळ नसेल, तर ती घोरपडीचा कुठला भाग असते, हे मी ऋतिकाला विचारलं. तिनं सांगितलं. शास्त्रज्ञ आहे, तिला काही वाटत नाही. मला वाटलं. एवढंच लिहितो की फक्त नर घोरपडीला असतो, मादीला नसतो. आणि दोन असतात, म्हणून हात जोडल्यासारखे दिसतात. दादा, आपण त्याला दर शुक्रवारी हळदकुंकू वाहत आलो. सत्यनारायणाला चौरंगावर ठेवलं. ऋतिकाच्या बारशाला आत्यानं तिच्या कपाळाला लावलं. हसावं की काय करावं कळेना, आणि मी हसतच होतो, तेवढ्यात ती म्हणाली की एका जोडीमागे एक अख्खं जनावर जातं, आणि ते पुष्कळदा जिवंत असतानाच. मग मला हसू आलं नाही. लहानपणी आपल्या परड्यातल्या वारुळापाशी एक घोरपड यायची, आठवतं? दगडी गडग्यावर ऊन खात पडायची. तुम्ही मला खांद्यावर घेऊन लांबून दाखवायचात आणि दगड मारू द्यायचा नाहीत. ऋतिकानं ते सांगितल्यापासून मला चैन पडत नाही, ते यामुळे. पोटाचं नाही.

बाबा गेले तेव्हा मी केवढासा होतो. पोहायला तुम्ही शिकवलंत, मुंबईला आणून घाटकोपरच्या चाळीत तुम्ही सोडलंत, लिफ्टच्या कामाला चिकटून राहा हे तुम्ही सांगितलंत. तुम्ही सांगितलेलं आजवर एकही खोटं निघालं नाही. म्हणून मी ऋतिकाला रोज 'हो' म्हणतो. त्याला दुसरं काही कारण नाही, आणि खरं तर हेच मला छळतंय.

असो. पत्र फारच लांबलं. रतनचं सामान गाडीत चढतंय असं दिसतं. वहिनींनी आंब्याची पेटी पाठवायची तसदी घेऊ नये, इथे मिळतात. (मिळतात, पण तसे नाहीत.) म्हशीचं कळवावं. लहानमोठ्या सर्वांस यथायोग्य.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
सहदेव

ता. क. १ : दादा, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही ती खणली होतीत, की कोणाकडून घेतली होतीत? रागावू नका. मी विचारत नाहीये, गुरुवार विचारतोय.

ता. क. २ : लिहायला अवघड वाटत असेल तर लिहू नका. खणली असेल तर रतनकडे नुसती कोकमं द्या. घेतली असेल तर फणसाची साटं द्या. मी समजून जाईन, ऋतिकाला काय ते माझ्या पद्धतीनं सांगेन, तुमचं नाव कुठे येणार नाही. फक्त कृपा करून दोन्ही पाठवू नका, मला वेड लागेल. आणि काहीच न पाठवणं तर त्याहून वाईट.

ता. क. ३ : रतन खाली हॉर्न वाजवतोय. पाकीट शोधायला मी आत जातो, तोवर खाली सुगंधासाठी दोन ओळींची जागा सोडलीय. वरचं ती वाचणार नाही. माझी पत्रं ती कधीच वाचत नाही, लांब असतात म्हणते.

*

भावोजींना व जाऊबाईंना सुगंधाचा नमस्कार.

रतनला वर बोलावून चहा दिलाय, घाई नाही. पत्र सगळं वाचलं. तीन आठवडे मी सुपारीला हळदकुंकू वाहतेय हे मला आत्ता कळलं, त्याचं मी इथे बघून घेते.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी याच खोलीत जाऊबाई आणि मी वडे थापत होतो, तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं की ती वस्तू तुम्ही जत्रेत एका माणसाकडून घेतलीत. त्या वर्षी तुम्ही आंबोलीला गेलाच नव्हतात, पाय प्लास्टरमध्ये होता. धाकट्या भावाचं मुंबईतलं पहिलं घर, तिथे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घेतलीत, आणि जत्रेतली म्हटलं तर ती साधीच वाटेल म्हणून खणलीत. जाऊबाई म्हणाल्या, "सुगंधा, त्येंका काय बोलू नको गो. सांगताना त्येंचो चेरो बघ कसो फुलता." म्हणून मी आजवर बोलले नाही. तुम्हाला नाग दिसला तेव्हाही बोलले नाही. बोलायचं काही कारणही नव्हतं, भावोजी. तुम्ही आणलीत म्हणून मी ती देव्हाऱ्यात ठेवली होती, खणलीत म्हणून नाही.

ऋतिकाला आत्ता सांगितलं. ती येरझाऱ्या घालायची थांबली. मग म्हणाली, "आई, तीन आठवडे! मला सांगायचं ना गं!" मी म्हटलं, घरात दोघंही मशीन बिघडलं म्हणत होतात, मला वाटलं मशीन बिघडलं असेल. मला कोणी काही विचारलं होतं का? मग ती हसली, मग रडली, आणि आता गॅलरीत उभी राहून मॅडमशी बोलतेय. पट्टी बरोबर आहे. गुरुवारी तीच दाखवणार, आणि आपल्याकडची वस्तू कुठून आली ते खरं खरं सांगून स्वतः वनखात्याच्या ताब्यात देणार. घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणे. त्या जनावरासाठी मी आज देवापुढे हात जोडले, मला दुसरं काही सुचलं नाही.

कोकमं आणि साटं दोन्ही पाठवा, दोन्ही संपलंय.

ऋतिकाला माझं एक वाक्य पुरलं. ह्यांना नाही पुरलं. हे अजून मोरीपासून दारापर्यंत चालतायत आणि म्हणतात, वहिनी गमतीनं बोलल्या असतील, दादांचं उत्तर येऊ दे. तेव्हा दोन ओळी टाकाच, भावोजी, तुमच्या हातच्याच. मात्र लिहायच्या आधी जाऊबाईंना विचारून घ्या.